बारा तोंडांचं खातं

इस्तारी पचारे चहा बशीत ओततो आणि बशीतला निवेपर्यंत कपातला पितो.

कुणाच्या घरात शिरताना तो आधी खोकतो. स्वतःच्या घरातही.

मोबाईलवर बोलताना उभा राहतो. पलीकडचा माणूस वयाने मोठा असेल तर चप्पल काढतो.

मासा हातात आला की आधी कल्ला उघडून बघतो, मग डोळा. वजन शेवटी.

सही करताना त्याच्या जिभेचं टोक बाहेर येतं. सही पूर्ण नावाची, बापाच्या नावासकट.

दुसऱ्याची वस्तू पुसून परत देतो. माझी सायकल त्याच्याकडून आली की मला ओळखू येत नाही.

एकटाच कुठे जाऊन आला तरी 'आमी गेलो होतो' म्हणतो.

यातल्या एकाही सवयीने आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. एका परदेशी बँकेच्या मते मात्र इस्तारी लबाड माणूस आहे. बँकेने त्याला कधी पाहिलेलं नाही. म्हणजे एकदा पाहिलं. तेच पुरलं.

आमचं गाव कुरखेड्याहून आत, चौदा किलोमीटर. गावाला लागून तलाव आहे. अलीकडे आमची, धानवाल्यांची घरं. पलीकडे मासे धरणाऱ्या ढिवरांची. इस्तारी पलीकडचा. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. दहावीनंतर त्याने बापाचं जाळं घेतलं. मी गडचिरोलीला जाऊन मराठी साहित्यात एम.ए. केलं. गावात माझ्या पदवीचा एकच उपयोग आहे. कुणाला इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येतो. पदवी मराठीची आहे हे मी दोन-तीनदा सांगून पाहिलं. नंतर सांगणं सोडलं.

तलाव जुन्या मालगुजाराचा, आता सरकारी. त्यातले मासे धरायचा ठेका पाच वर्षांनी निघतो. पलीकडच्या लोकांची मच्छीमार संस्था आहे आणि ठेक्यावर पहिला हक्क तिचा. हक्क म्हणजे पैसे भरायचा पहिला मान. एकतीस डिसेंबरच्या आत बासष्ट हजार भरले तर पाच वर्षं तलाव संस्थेचा. नाही भरले तर बोली. बोलीसाठी शहराकडचा एक ठेकेदार टपलेलाच असतो. त्याच्याकडे बर्फाची गाडी आहे, स्वतःची माणसं आहेत. मागे त्याने शेजारच्या गावचा तलाव घेतला, तेव्हा तिथल्या ढिवरांना काठावरून गळ टाकायचीही बंदी झाली.

गेल्या पावसाळ्यात तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, फुटली. जूनमध्ये सोडलेलं मासोळीचं बीज नाल्याने वाहून गेलं. तलावात पाणी राहिलं, मासा राहिला नाही. डिसेंबरपर्यंत बासष्ट हजार कुठून आणायचे हे संस्थेत कुणालाच माहीत नव्हतं. नथ्थूभाऊ संस्थेचे अध्यक्ष, सत्तरीचे. ते रोज सकाळी पाळीवर उभे राहून पाण्याकडे बघत आणि कुणाचं तरी नाव घेऊन शिवी देत. कुणाचं ते ऐकू येत नसे.

ऑगस्टमध्ये मी स्वतःसाठी काम शोधत होतो. मोबाईलवर एक सापडलं. परदेशात समुद्रात पिंजरे लावून मासे वाढवतात. पिंजऱ्यात कॅमेरे असतात. त्या फोटोंत आजारी माशाभोवती बोटाने चौकट काढायची. जखम, झिजलेला पर, उवा. माशालाही उवा होतात हे मला तेव्हा कळलं. शंभर फोटोंमागे मजुरी. आधी एक परीक्षा होती. मी दोनदा नापास झालो.

गावात नेटवर्क एकाच ठिकाणी येतं, पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली. मी तिथे बसून तिसऱ्यांदा परीक्षा देत होतो. इस्तारी जाळं सुकवत होता. तो मागे येऊन उभा राहिला.

"तो डाग नाई गा. सावली हाय."

"मग आजारी कोणता?"

"हा का, कोपऱ्यातला. कल्ला उघडा ठेवून राह्यला. दोन दिवसांत मरते."

तो सांगत गेला, मी चौकटी काढत गेलो. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. इस्तारीने परत पहिल्या फोटोकडे नेऊन दाखव म्हटलं. चुकलेले दोन बघायचे होते. बघून म्हणाला, "हे आमचे बरोबर हायेत. त्याहीचे चुकले."

कामाचं आणि त्याला जोडलेलं बँकेचं खातं त्याच्याच नावाने उघडलं. आधार त्याचं, मोबाईल त्याचा. फॉर्म मी भरला. शेवटी एक प्रश्न होता: हे खाते तुम्ही एकटेच वापरणार आहात आणि यातील पैसा केवळ तुमचा असेल, हे तुम्हाला मान्य आहे का? मी टिचकी मारली. त्याला विचारलं नाही. इस्तारी तेव्हा माझ्यासाठी चहा आणायला गेला होता.

दुसऱ्या दिवशी मोहाखाली तो एकटा नव्हता. त्याची आई गोकुळाबाई होती, बायको सरिता होती, नथ्थूभाऊ होते. चौथ्या दिवशी संस्थेत खरं काम करणारे सगळे अकरा जण होते. मला यात काही विचित्र वाटलं नाही. तलावात जाळं ओढायला कुणी एकटा उतरतो का? या टोकाला चार, त्या टोकाला चार, डोंग्यात एक. मग मासळीचे वाटे पडतात. ओढणाऱ्या प्रत्येकाचा एक. जाळ्याचा एक. डोंग्याचा एक. संस्थेतलं कुणी अंथरुणाला खिळलं असेल तर त्याचा अर्धा. हे कुठे लिहिलेलं नाही. यावरून पलीकडे कधी भांडण झाल्याचंही मी ऐकलेलं नाही. आमच्या बाजूला शेताच्या धुऱ्यावरून, वीतभर बांधावरून, दरवर्षी डोकी फुटतात.

मोबाईल हे जाळं ठरलं. रीनाच्या घरची वीज कमी जाते म्हणून चार्जिंग तिच्याकडे, तो डोंगा ठरला. चैतूला अर्धांगवायू झालेला, त्याचा अर्धा वाटा. नथ्थूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं.

"आन् इंग्रजीचा?"

"अर्धा द्या," सरिता म्हणाली. "हा बसूनच राह्यते. चैतूसारखा."

सगळे हसले. माझा अर्धा ठरला. मग इस्तारी म्हणाला की यंदा वाटे कागदावरच राहू द्या, आधी ठेका भरू. कुणी नाही म्हटलं नाही.

चार महिने काम चाललं. सकाळची आपापली कामं उरकून एकेक जण मोहाखाली येई, फोटो बघे, उठून जाई, दुसरा बसे. त्या माशाचं नाव इंग्रजीत होतं. बायकांनी त्याला गोरा मासा म्हणायचं ठरवलं. गोकुळाबाईंची नजर सर्वांत तेज.

"पाह्य, हा कसा वाकडा चालून राह्यला."

"मावशी, फोटो आहे तो. चालत नाही."

"तुले नाई दिसत. मले दिसते."

त्यांचं एकदाही चुकलं नाही. दर सोमवारी कंपनीचा निरोप येई आणि मी तो वाचून दाखवे. 'वा इस्तारी! या आठवड्यात तू आमचा तारा आहेस!'

"हा कोन होय, अरे-तुरे करते?" नथ्थूभाऊंनी विचारलं.

"मशीन आहे, भाऊ."

"मंग तिले कोनी वळण लावा म्हणा."

कंपनीला कामाचे तासही कळत. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. मध्ये एकही खंड नाही. जेवणाचा नाही, लघवीचा नाही. एक माणूस चार महिने पाणी प्यायला उठत नाही, याचं कंपनीला नवल वाटलं नाही. कौतुक वाटलं. नोव्हेंबरात इस्तारीच्या नावापुढे एक सोनेरी पदक आलं. त्याने ते आईला दाखवलं. गोकुळाबाईंनी विचारलं, विकता येते का?

मजुरी रुपयांत येत नव्हती आणि देशातही येत नव्हती. परदेशात एक ऑनलाइन बँक आहे. तिथे इस्तारीच्या नावाच्या खात्यात ती जमा होई. या बँकेला इमारत नाही, काउंटर नाही, दारात बसलेला शिपाई नाही. ओरडायचं असेल तर कुणावर ओरडायचं, तेवढीही सोय नाही. तिथून पैसे कुरखेड्याच्या खात्यात वळते करायचे. प्रत्येक वेळी बँक थोडे कापून घेते. इस्तारी म्हणाला, दर महिन्याला कायले कापू द्यायचे, एकदाच काढू. शहाणपणाची गोष्ट होती. मीही मान डोलावली. डिसेंबरच्या मध्यावर खात्यात रुपयांच्या हिशेबाने सत्तर हजारांवर रक्कम होती. नथ्थूभाऊंनी पाण्याकडे बघून शिव्या देणं बंद केलं.

अठरा डिसेंबरला पैसे वळते करायचं ठरलं. त्याच दिवशी मला चंद्रपूरला मुलाखतीला जावं लागलं. तासिका तत्त्वावरची एक जागा होती. उमेदवार सत्तावीस. जागा कुणाला द्यायची ते ठरलेलं होतं, आम्हा सव्वीस जणांना साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. मी व्हरांड्यात रांगेत असताना इस्तारीचा फोन आला.

"आदेश, पडद्यावर तोंडाचं चित्र आलं. बँक तोंड दाखवा म्हणून राह्यली."

"मग दाखव. पहिल्यांदा पैसे काढताना विचारतात."

"दाखवतो. पन इथी..."

माझं नाव पुकारलं गेलं. मी म्हणालो, "बँक म्हणते तसं कर," आणि फोन बंद केला. आत मला विचारलं, आडनाव कोणतं, गाव कोणतं, वाहन आहे का. चार मिनिटांत बाहेर आलो. त्या चार मिनिटांसाठी मी तो फोन बंद केला होता.

दुसऱ्या दिवशी पाळीवर गेलो तेव्हा अकराही जण मोहाखाली बसले होते. मोबाईल मध्ये एका फडक्यावर ठेवला होता.

"काय झालं?"

"तोंडं दाखवली," इस्तारी म्हणाला. "बँक मानत नाई."

"तोंडं?"

मग कळलं. संस्थेचे पैसे काढायचे असले की हे सगळे कुरखेड्याला जातात. तिथल्या बँकेला दोन सह्या पुरतात. तरी सगळे जातात. काउंटरसमोर रांगेत उभे राहतात, रोखपालाला आपली तोंडं दिसतील असे. पैसा सर्वांचा, तर नेताना सर्वांनी दिसायचं. एकटा जाऊन सर्वांचा पैसा उचलून आणणं पलीकडे चोरीत जमा आहे. मग उचलणारा कितीही सरळ असो.

परदेशी बँकेने तोंड दाखवा म्हटलं. इस्तारीने सर्वांना निरोप धाडला. सगळे अंघोळ करून आले. नथ्थूभाऊंनी पांढरी टोपी घातली. सरिताने लग्नातलं लुगडं काढलं. मोबाईल मोहाच्या बुंध्याला टेकवला आणि अकरा जण दोन ओळींत उभे राहिले. पडद्यावर एक गोल होता. गोल लाल झाला. खाली इंग्रजीत काहीतरी आलं. 'चौकटीत एकापेक्षा जास्त चेहरे आहेत' असं ते होतं. वाचायला कुणी नव्हतं.

नथ्थूभाऊ म्हणाले, मागची ओळ दिसत नसेल. मग बायका खाली बसल्या, पुरुष मागे वाकले, सगळे गोलात मावतील असे एकमेकांना चिकटले. पुन्हा लाल.

तेव्हा गोकुळाबाईंच्या लक्षात आलं. चैतू राहिला.

चार जण गेले आणि चैतूला खाटेसकट पाळीवर घेऊन आले. त्याच्या तोंडाची डावी बाजू लोंबते. सरिताने पदराने त्याची लाळ पुसली. मान धरून कॅमेऱ्याकडे वळवली. बँक डोळे मिटून उघडा म्हणते हे इस्तारीला पडद्यावरच्या चित्रावरून कळलं होतं. त्याने एक-दोन-तीन म्हटलं. बाराही जणांनी एकदम डोळे मिटले आणि उघडले.

खातं बंद झालं.

मी मोबाईल हातात घेतला. पडद्यावर रक्कम दिसत होती. तिच्यावर एक छोटं कुलूप होतं. खाली निरोप: 'हाय इस्तारी! तुझ्या सुरक्षेसाठी आम्ही तुझं खातं गोठवलं आहे.' त्याच्या सुरक्षेसाठी. कुणापासून? त्याच्या आईपासून?

बँकेचा मदतनीस होता. नाव टिम. मी लिहिलं की अकरा मजुरांची चार महिन्यांची मजुरी अडकली आहे. टिम म्हणाला, 'हे ऐकून वाईट वाटलं! तुला पासवर्ड बदलायचा आहे का?' मी लिहिलं, नाही. टिम म्हणाला, 'छान! आणखी काही मदत करू?' मी माणसाशी बोलायचं आहे असं लिहिलं. टिमने मला एक दुवा दिला. दुवा उघडला तर पुन्हा टिमच. मी दोन दिवस टिमशी बोललो. कुठल्याही भाषेत एवढा सभ्य आणि एवढा निगरगट्ट प्राणी मी पाहिला नव्हता. आमच्याकडचा कारकून निदान 'उद्या या' म्हणतो. त्यात उद्या तरी असतो.

तिसऱ्या दिवशी टिमने एक तक्रारीचा फॉर्म दिला. काय घडलं ते थोडक्यात लिहा. मी पाच मिनिटांत लिहिलं. घरी लग्नाचे पाहुणे आले होते, ते चुकून कॅमेऱ्यात आले, खातं फक्त माझं आहे. चांगलं जमलं होतं. मी इस्तारीला मराठी करून ऐकवलं.

तो उभा राहून ऐकत होता.

"पाहुने कोन?"

"असं लिहावं लागतं."

"नथ्थूभाऊ पाहुना हाय? माय पाहुनी हाय?"

"इस्तारी, आज एकवीस तारीख. एकतीसला तलाव जातो. एकट्याचं आहे म्हटल्याशिवाय ते कुलूप काढणार नाहीत."

"पन एकट्याचं नाई."

"फॉर्ममध्ये एकट्याचंच आहे. ऑगस्टमध्ये मीच तसं लिहून दिलं."

हे बोलल्यावर मला कळलं की मी काय बोललो.

"आमच्या नावानं?"

"हो."

"हे सप्पाईचे पैसे माह्या एकट्याचे म्हणून?"

"तसं लिहिल्याशिवाय खातंच उघडत नाही. सगळे टिचकी मारतात. कुणी वाचतही नाही."

"तू त वाचलं."

नथ्थूभाऊ मागे बसून ऐकत होते. ते म्हणाले, "पोट्टा शिकला लगीत. काम कसं त्या ठेकेदारावानी करते." त्यांनी हे रागाने म्हटलं नाही. बाजारात माशाचा भाव सांगावा तसं म्हटलं.

इस्तारीने पाहुण्यांचा फॉर्म पाठवू दिला नाही. मी त्याला मूर्ख म्हटलं. जगात कुणी इतकं सरळ राहत नाही असंही म्हटलं. तलाव गेला तर या सरळपणाची भाजी करून खा, असंही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "झालं तुहं? मंग खरं काय ते लिव."

मी खरं लिहिलं. दोन ओळींत. आम्ही अकरा जणांनी मिळून काम केलं, मजुरी अकरा जणांची आहे. बटण दाबलं. उत्तर सहा ते दहा कामाच्या दिवसांत येईल, असं आलं. नाताळची सुट्टी होती. चार महिने रात्रंदिवस जागं असलेलं मशीन नाताळला झोपी जातं, हेही कळलं.

सव्वीस तारखेला इस्तारी, नथ्थूभाऊ आणि मी गडचिरोलीला गेलो. मुदत वाढवून मागायची होती. मत्स्य विभागाच्या कार्यालयातल्या कारकुनाला इस्तारीने मोबाईल दाखवला. चप्पल बाहेर काढून ठेवली होती.

"साहेब, पैसे हायेत. हे पाहा. फक्त निघून नाई राह्यले."

कारकुनाने चष्मा वर केला. "हे काय, गेम आहे का?"

"बँक हाय जी. परदेशातली."

"तिथूनच डीडी काढून आणा मग." तो शेजारच्या टेबलाकडे वळला. "ऐका हो, ढिवरांचं आता फॉरेनला खातं आहे."

त्या खोलीत पाच माणसं होती. पाचही हसली. मीही तिथेच उभा होतो, इस्त्रीच्या शर्टात, आणि माझ्या तोंडून इंग्रजी सोडा, मराठीही निघाली नाही. नथ्थूभाऊंनी टोपी काढून हातात घेतली. इस्तारी म्हणाला, "अर्ज त ठेवून घ्या." अर्ज ठेवून घेतला. पोच दिली. नियम आहे म्हणून मुदत वाढत नाही, हे तोंडी सांगितलं.

परतताना बसमध्ये मी हिशेब सांगू लागलो. घरोघर मागितलं तर किती जमेल, सरिताचं डोरलं गहाण ठेवलं तर किती. नथ्थूभाऊ म्हणाले, "गप बस आता."

पलीकडच्या घरांतून एकोणीस हजार जमले. मी माझ्या घरून दोन आणले. आमच्या बाजूच्या लोकांना विचारलं तर ते म्हणाले, तलाव कुणाचाही असो, आम्हाला मासे विकतच घ्यायचे आहेत. एकतीस तारखेला रविवार होता. कार्यालय शुक्रवारीच बंद झालं होतं.

बोली कधी लागली ते आम्हाला कळलंही नाही. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ठेकेदाराची गाडी आली. त्याच्या माणसांनी मोहाच्या झाडाला पत्र्याची पाटी ठोकली. विनापरवानगी मासेमारी करणाऱ्यावर कारवाई होईल. पाटीवर मासेमारीतला 'री' ऱ्हस्व होता. मी तेवढंच पाहू शकलो. बाकी सगळे आपापल्या दारात उभे राहून बघत होते. नेटवर्कसाठी त्याच झाडाखाली बसावं लागतं, म्हणून मी दुसऱ्या दिवशी पाटीखाली बसलो. ठेकेदाराच्या माणसाने विचारलं, तू ढिवर आहेस का. मी नाही म्हटलं. त्याने बसू दिलं.

उत्तर तिथेच आलं. सतरा जानेवारीला. 'हाय इस्तारी! आमच्याशी प्रामाणिक राहिल्याबद्दल आभार!' खाते एकाहून अधिक व्यक्तींनी वापरल्याने ते कायमचे बंद होत आहे. कमाई परत मिळावी अशी विनंती करायची असल्यास, काम कुणी केलं आणि मोबदल्याची विभागणी कशी होती, हे खातेदाराने स्वतःच्या शब्दांत लिहावे. तीस दिवसांत. शेवटी पाच चांदण्या होत्या. आमची सेवा कशी वाटली?

इस्तारीला मी ते घरी जाऊन वाचून दाखवलं. सरिता बोचकं बांधत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमाची पिकअप येणार होती. मिरची तोडायला तेलंगणात जायचं होतं, दोघांना. संस्थेतले सात जण चालले होते. गोकुळाबाई थांबणार होत्या, चैतूकडे बघायला.

"आता कायले?" सरिता म्हणाली. "तलाव गेला नं."

"मजुरी त हाय," इस्तारी म्हणाला. "सप्पाईची हाय ते."

"त्याहीनं विचारलं का देतो म्हणून? लिवा म्हणते. चांदण्या द्या म्हणते. भिकाऱ्याले पन दारात एवढं उभं करत नाई कोनी."

मला तिचंच पटत होतं. इस्तारीने मात्र चटई घातली, मला बसवलं आणि स्वतः उभा राहिला.

"मी सांग्तो, तू लिव. काट-छाट नको करू."

मी म्हणालो, अकरा नावं लिहू आणि वाट्यांचा हिशेब लिहू, दहा ओळींत होईल. तो नको म्हणाला. नुसत्या नावाने त्याहीले का समजते? कोण काय करत होतं ते सांगितलं पाहिजे. नाहीतर पुन्हा म्हणतील लबाड आहेत.

त्याने सांगायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत चार झाले. पहिले नथ्थूभाऊ. त्यांना फोटो नीट दिसत नसत, पण कोणी किती वेळ बसायचं ते तेच ठरवायचे, भांडण होऊ देत नव्हते. दुसरी माय. तिचं सर्वांत लांबलं. तिसरी रीना, चार्जिंग आणि जखमा. चौथा धनराज, तो फक्त पर पाहायचा, उवा त्याला कळत नव्हत्या, आणि हे त्याने स्वतःच पहिल्या दिवशी सांगितलं होतं, तेही लिही. मी लिहीत होतो. इंग्रजीत नाही, मराठीत. इंग्रजी नंतर करू म्हटलं. स्वतःच्या शब्दांत हवं होतं ना.

सकाळी लवकर पुन्हा बसलो. पाचवी सरिता. ती बोचक्यावर बसून ऐकत होती. "माह्यं कमी लिवा, मी जाऊन राह्यली," ती म्हणाली. सहावा अंकुश. तेवढ्यात रस्त्यावर पिकअपचा हॉर्न वाजला. मुकादम ओरडत होता. इस्तारी बोलतच होता. सरिताने त्याचा दंड धरला. मोबाईल त्याने माझ्याकडेच ठेवला, कारण फॉर्म त्याच मोबाईलवर उघडतो. तिकडे मिरचीच्या वावरात त्याच्याकडे फोन नाही. मार्चअखेर येतो म्हणाला. मी म्हणालो, तीस दिवसांची मुदत आहे. तो म्हणाला, "येतो नं गा आमी," आणि गाडीच्या मागच्या फळीवर चढला.

आज बारा फेब्रुवारी आहे. मुदत सोळाला संपते. फॉर्ममध्ये सहा माणसं पूर्ण आहेत. त्यानंतर एक अर्धवट ओळ आहे, त्याने दारातून जाता जाता सांगितलेली.

सातवी सुकरी. तिनं पहिल्या दिवशी फोटो पाहून